ड्रॉपशिपिंग सुरू करताय? दुकान उघडायची घाई करू नका

बहुतेक जण ड्रॉपशिपिंगला उलट्या टोकाकडून हात घालतात. आधी ऑनलाइन दुकानाचं नाव ठरतं, मग लोगो, मग थीम, म्हणजे पानांची तयार मांडणी. त्यानंतर एका बैठकीत पन्नास वस्तू चढवल्या जातात आणि जाहिरात सुरू होते. पुरवठादार कोण आहे, तो माल किती दिवसांत पाठवतो, परत आलेला माल कुठे जाणार, हे प्रश्न पहिली तक्रार आल्यावर आठवतात. तोवर ग्राहकाचे पैसे घेतलेले असतात.

ड्रॉपशिपिंगचा व्यवहार सरळ आहे. ग्राहक तुमच्याकडे ऑर्डर देतो, तुम्ही ती पुरवठादाराकडे पाठवता आणि तो माल थेट ग्राहकाच्या पत्त्यावर रवाना करतो. माल तुमच्या हाताखालून जात नाही. जबाबदारी मात्र पुरती तुमचीच राहते, कारण ग्राहकाच्या पावतीवर आणि बँकेच्या नोंदीत नाव तुमचं असतं. पुढचा सगळा क्रम यावरूनच ठरतो: जे आपल्या हातात नाही ते आधी तपासायचं. थीम, रंग, लोगो वगैरे मागाहून.

## टप्पा १: आधी कागदावर हिशेब

'खरेदी ४०, विक्री १००, म्हणजे नफा ६०' हा हिशेब सगळीकडे दिसतो आणि तो चुकीचा आहे. विक्रीची किंमत १०० धरा, चलन कुठलंही असो. खर्चाची मांडणी साधारण अशी करा:

- माल: ३२
- ग्राहकापर्यंत पाठवणी: १०
- पेमेंट गेटवेचं (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन तुम्हाला देणाऱ्या सेवेचं) शुल्क: ४
- जाहिरात: ३०
- परतावे, हरवलेली पार्सलं, पुन्हा पाठवलेला माल: ७
- दुकानाचं मासिक शुल्क, ॲप, डोमेन, प्रत्येक ऑर्डरवर वाटून: ५

एकूण ८८. हातात राहिले १२, आणि त्यातून कर भरायचा आहे. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे वेगळे येतील, पण रकाने हेच राहतील.

परताव्यांचे ७ कुठून आले ते बघा. शंभरातल्या पाच ग्राहकांना पूर्ण पैसे परत दिले, तर प्रत्येक ऑर्डरमागे सरासरी ५ गेले. मालाचे आणि जाहिरातीचे पैसे आधीच खर्च झालेले असतात, ते परत येत नाहीत. उरलेले २ दुसऱ्यांदा पाठवाव्या लागणाऱ्या पार्सलांचे. शिवाय पेपल आणि स्ट्राइप हे गेटवे रिफंड दिल्यावर मूळ व्यवहाराचं शुल्क परत करत नाहीत, म्हणजे रद्द झालेल्या विक्रीवरही तुमचा खर्च होतोच.

या मांडणीतून एक आकडा वेगळा काढून ठेवा: जाहिरात सोडून बाकी सगळा खर्च वजा केला की काय उरतं? इथे ४२. एक ऑर्डर मिळवायला ४२ पेक्षा जास्त जाहिरात लागली की प्रत्येक विक्रीवर तोटा. हा आकडा टप्पा ७ मध्ये लागणार आहे.

पैसे कधी येतात, हे वेगळं मांडा. नफा कागदावर दिसत असूनही धंदा बंद पडतो तो इथे. रोज १० ऑर्डरी येतात असं धरा. माल, पाठवणी आणि जाहिरात मिळून प्रत्येकी ७२, म्हणजे दिवसाला ७२० तुम्ही आज भरता. गेटवेने पैसे सात दिवसांनी दिले तर ५,०४० कायम अडकलेले. नवीन खात्यांवर गेटवे राखीव रक्कमही धरून ठेवू शकतात. समजा विक्रीच्या २५ टक्के रक्कम ९० दिवस रोखली. रोजची विक्री १,०००, त्यातले २५० अडकणार आणि तुमचा रोजचा नफा १२०. म्हणजे पहिले ९० दिवस रोज १३० स्वतःच्या खिशातून घालायचे, एकूण ११,७००. विक्री जितकी जोरात वाढेल तितका हा खड्डा मोठा. 'भांडवल लागत नाही' असं सांगणाऱ्यांनी हा रकाना भरलेला नसतो.

तपासा: सात दिवस उशिराने पैसे आले आणि चौथा हिस्सा तीन महिने अडकला, तरी ऑर्डरी पाठवता येतील एवढं खेळतं भांडवल आहे का? नसेल तर रोजच्या ऑर्डरींची मर्यादा आत्ताच ठरवा आणि जाहिरातीचं बजेट त्या मर्यादेत बांधा.

## टप्पा २: वस्तू निवडताना आधी काय नको ते ठरवा

चांगली वस्तू शोधण्यापेक्षा वाईट वस्तू वगळणं सोपं असतं. सुरुवातीला पुढच्या गोष्टींपासून लांब राहा:

- मापाचे कपडे आणि पादत्राणे. माप बसलं नाही म्हणून परत येण्याचं प्रमाण मोठं असतं, आणि पुरवठादाराच्या लेखी ती त्याची चूक नसते.
- काच, चिनीमाती, नाजूक जोडकाम. पॅकिंग तुमच्या हातात नाही.
- लिथियम बॅटरी असलेल्या वस्तू. विमानाने पाठवण्यावर कडक नियम आहेत. काही मार्गांवर अशी पार्सलं घेतलीच जात नाहीत.
- त्वचेला लावायच्या, पोटात घ्यायच्या, लहान मुलांच्या वस्तू. सुरक्षेची प्रमाणपत्रं लागतात, आणि काही बिघडलं तर जाब विक्रेत्याला विचारतात.
- विजेवर चालणारी उपकरणं. प्लग, व्होल्टेज, प्रमाणपत्र हे सगळं देशागणिक बदलतं.
- नामांकित ब्रँडसारखं दिसणारं काहीही. पुरवठादाराच्या यादीत आहे म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. कार्टूनमधली पात्रं, खेळाच्या संघांची चिन्हं यातच आली.

उरलेल्यांतून हलकी, न तुटणारी, एकाच मापाची वस्तू घ्या. तिचा उपयोग एका वाक्यात सांगता आला पाहिजे. गूगल ट्रेंड्सवर मागील पाच वर्षांचा आलेख बघा. एकच उंच टोक दिसलं तर लाट ओसरलेली आहे. दरवर्षी त्याच महिन्यांत चढ दिसला तर माल हंगामी आहे. मेटाच्या (फेसबुक, इन्स्टाग्रामची कंपनी) ॲड लायब्ररीत त्याच वस्तूच्या चालू जाहिराती बघता येतात. एखादी जाहिरात महिनोन्‌महिने सुरू असेल तर तिच्यावर कोणीतरी कमावत असावं, एवढाच अंदाज बांधा. तिचा व्हिडिओ उचलून वापरू नका.

नाव किंवा चिन्ह कोणाच्या मालकीचं आहे का, हे 'वायपो'च्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये फुकट शोधता येतं. दहा मिनिटांचं काम आहे आणि जवळपास सगळे ते टाळतात.

सावध: पन्नास वस्तूंनी सुरुवात करू नका. एक ते तीन पुरेत. प्रत्येक वस्तूचा नमुना मागवायचा आहे, फोटो काढायचे आहेत, तक्रारी झेलायच्या आहेत.

## टप्पा ३: पुरवठादार

इथे घालवलेला वेळ पुढे सगळीकडे वाचतो, म्हणून हा टप्पा सावकाश करा.

अलीएक्सप्रेससारख्या ठिकाणी बसलेला प्रत्येक जण कारखानदार नसतो. बरेच जण मधले व्यापारी असतात. सीजे ड्रॉपशिपिंगसारख्या सेवा स्वतः माल मिळवून, गोदामात तपासून पाठवतात. प्रिंटफुलसारख्या सेवा ऑर्डर आल्यावर टीशर्ट, मग, पोस्टर छापून पाठवतात. तिथे माल तुमच्या डिझाइनचा असतो, पण ग्राहकाचं मन बदललं तर छापलेली वस्तू त्या परत घेत नाहीत. आणि ज्या देशात विकायचं आहे तिथलाच घाऊक व्यापारी मिळाला तर त्याच्याकडे आधी जा. नफा थोडा कमी राहतो, पण पार्सल वेळेत पोचतं आणि परतीचा पत्ता जवळचा असतो. माझं मत विचाराल तर पहिल्या धंद्यासाठी हाच मार्ग बरा.

कुठलाही मार्ग घ्या, पुढचे प्रश्न लेखी विचारा:

1. ऑर्डर मिळाल्यापासून माल गोदामातून निघायला किती दिवस, आणि निघाल्यापासून पोचायला किती? दोन आकडे वेगवेगळे मागा. '७ ते १२ दिवस' या उत्तरात पहिला आकडा बहुधा धरलेला नसतो.
2. साठा कोणत्या देशातल्या गोदामात आहे?
3. तुटका किंवा चुकीचा माल गेला तर पुरावा किती दिवसांत द्यायचा, आणि पैसे परत मिळतात की माल पुन्हा पाठवता?
4. परत करायचा माल कोणत्या पत्त्यावर पाठवायचा, आणि भाडं कोणाचं?
5. पार्सलात तुमची पावती, किंमत किंवा जाहिरात असते का?
6. साठा संपला किंवा भाव बदलला तर किती आधी कळवाल?
7. सुट्ट्या कोणत्या? चिनी नववर्षाच्या सुमारास, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, तिथले कारखाने दोन ते चार आठवडे थंडावतात. दरवर्षी येणारी गोष्ट आहे, तरी दरवर्षी नवे विक्रेते तिच्यात सापडतात.

उत्तर यायला किती वेळ लागला तेही टिपा. गिऱ्हाईक मिळवताना जो तीन दिवस उत्तर देत नाही, तो तक्रारीच्या वेळी काय करील याचा अंदाज येतो.

मग नमुना मागवा. स्वतःची ओळख न देता, ग्राहक जसा मागवेल तसा, आणि ज्या भागात विकणार आहात त्या भागातल्या पत्त्यावर. तुम्ही तिथे राहत नसाल तर ओळखीच्या कोणाला विनंती करा. एक नमुना आता आणि दुसरा आठवड्याने, म्हणजे पहिला योगायोग होता का ते कळतं. पार्सल आलं की उघडतानाचा व्हिडिओ काढा, वजन करा, मापं घ्या, वास येतो का बघा. वस्तू आठवडाभर वापरा.

ट्रॅकिंग वाचायलाही शिकून घ्या. 'लेबल तयार झालं' ही नोंद म्हणजे पार्सल निघालं असं होत नाही. काही पुरवठादार ट्रॅकिंग नंबर लगेच देतात आणि माल चार दिवसांनी कुरिअरकडे जातो. पहिल्या खऱ्या स्कॅनची तारीख हीच रवानगीची तारीख धरा.

तपासा: दोन नमुन्यांचे प्रत्यक्ष दिवस पुरवठादाराने सांगितलेल्या दिवसांशी जुळतात का? जुळत नसतील तर ग्राहकाला सांगायचा आकडा तुमच्या मोजणीवरून ठरवा, वर थोडे दिवस जोडून.

त्याच वस्तूचा दुसरा पुरवठादारही शोधून ठेवा आणि त्याचाही नमुना मागवा. पहिल्याचा साठा संपेल त्या दिवशी दुसरा शोधायला वेळ नसतो.

## टप्पा ४: नियम, माल जिथे पोचतो तिथले

तुमच्या देशातली नोंदणी आणि कर हे स्थानिक कर सल्लागाराला विचारून करा. ते प्रत्येकाचं वेगळं असतं. चुका जास्त होतात त्या ग्राहकाच्या देशातल्या नियमांबाबत. विक्रेता परदेशात बसला म्हणून तिथले नियम आपोआप सुटत नाहीत.

- अमेरिका: फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार जाहिरातीत सांगितलेल्या मुदतीत माल रवाना व्हावा लागतो. मुदत सांगितलीच नसेल तर ३० दिवसांत. उशीर होणार असेल तर ग्राहकाला कळवून संमती घ्यायची, नाहीतर पैसे परत द्यायचे. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयात शुल्काची सूट चीन आणि हाँगकाँगहून येणाऱ्या मालासाठी २ मे २०२५ पासून आणि बाकी देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली गेली. तिच्यावर बेतलेले जुने हिशेब आणि व्हिडिओ बाजूला ठेवा.
- युरोपीय संघ: ऑनलाइन घेतलेली बहुतेक खरेदी माल मिळाल्यापासून १४ दिवसांत, कारण न देता, रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. २२ युरोपर्यंतच्या आयातीला असलेली व्हॅटची सूट १ जुलै २०२१ रोजी संपली. १५० युरोपर्यंतच्या मालासाठी आयओएसएस (इम्पोर्ट वन स्टॉप शॉप) ही एकखिडकी नोंदणी आहे, तिच्यामुळे व्हॅट खरेदीच्या वेळीच घेता येतो. १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या उत्पादन सुरक्षा नियमानुसार संघात पत्ता असलेली जबाबदार व्यक्ती किंवा संस्था लागते, आणि तिचा तपशील विक्रीच्या पानावर द्यावा लागतो.

स्वतःच्या दुकानाऐवजी बाजारपेठेवर विकणार असाल तर तिचे नियम आधी वाचा. ॲमेझॉनवर पावती आणि पॅकिंगवर विक्रेता म्हणून तुमचंच नाव दिसावं लागतं. दुसऱ्या किरकोळ दुकानातून घेऊन त्यांच्या खोक्यात थेट ग्राहकाकडे पाठवणं तिथे चालत नाही. ईबेवर घाऊक पुरवठादाराकडून पाठवता येतं, पण दुसऱ्या किरकोळ दुकानातून किंवा बाजारपेठेतून विकत घेऊन परस्पर पाठवलेलं चालत नाही.

सावध: कस्टम्सचे पैसे पार्सल घेताना ग्राहकाने भरायचे, असा मार्ग असेल तर बरेच ग्राहक पार्सल नाकारतात. शुल्क आधीच भरलेली पाठवणी मिळते का ते पुरवठादाराला विचारा आणि तो खर्च टप्पा १ च्या कागदावर चढवा.

## टप्पा ५: पेमेंटचं खातं

दुकान तयार करून मग गेटवेकडे अर्ज करणारे बरेच असतात. तुमच्या देशात कोणता गेटवे मिळतो, तो ड्रॉपशिपिंगला चालतो का, आणि कोणत्या वस्तूंना मनाई आहे, हे आधी बघा. धंद्याची नोंदणी, बँक खातं आणि ओळखपत्र यांवरचं नाव तंतोतंत एक ठेवा. एका अक्षराच्या फरकाने पडताळणी अडते.

धंद्याचं वर्णन खरं लिहा. माल किती दिवसांत पोचतो हे गेटवे विचारतो. तिथे तीन दिवस लिहून प्रत्यक्षात पंधरा लागले, तर तक्रारी वाढताच खातं गोठू शकतं.

ग्राहकाच्या कार्डच्या हिशेबात जे नाव छापून येतं ते दुकानाच्या नावाशी जुळतं का, हेही बघा. नाव अनोळखी दिसलं की ग्राहक थेट बँकेला फोन करून 'हा व्यवहार माझा नाही' असं सांगतो. असला चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत परत गेलेले पैसे, निव्वळ फुकट गेलेला असतो.

## टप्पा ६: आता दुकान

शॉपिफाय मासिक शुल्कावर चालतं आणि होस्टिंग तेच सांभाळतात. वूकॉमर्स वर्डप्रेसवर चालतं, ते फुकट मिळतं, पण होस्टिंग, सुरक्षा आणि अपडेट तुमच्या गळ्यात. तांत्रिक कामाची आवड नसेल तर पहिला पर्याय घ्या. यावर दोन दिवसांपेक्षा जास्त विचार करण्यासारखं काही नाही.

वेळ द्यायचा तो वस्तूच्या पानावर. पुरवठादाराचे फोटो आणि मजकूर शेकडो दुकानांवर जसेच्या तसे असतात. तुमच्याकडे नमुना आहे, त्याचे फोटो काढा: हातात धरलेला, मापपट्टीशेजारी, पॅकिंगसह. मजकुरात माप, वजन, कशापासून बनलंय, खोक्यात काय काय येतं आणि काय येत नाही ते लिहा. वस्तूची एक मर्यादाही लिहा. पाण्यात चालत नसेल तर तसं सांगा. असल्या एका वाक्याने परतावे कमी होतात.

पोचण्याची मुदत वस्तूच्या पानावरच लिहा, 'खरेदी करा' बटणाजवळ. ती तळाशी बारीक अक्षरांत दडवली की पंधराव्या दिवशी येणारी ई-मेल तुमचीच वाट बघत असते.

चार पानं हवीतच: पाठवणी, परतावा, गोपनीयता, संपर्क. दुसऱ्या दुकानाची पानं उचलू नका. त्यात त्यांचा परतीचा पत्ता आणि त्यांची मुदत राहून जाते, आणि हे खरोखर घडतं. तुमचं परतावा धोरण पुरवठादाराच्या धोरणापेक्षा उदार असणार, कारण कायदा तुम्हाला बांधतो, त्याला नाही. फरकाचा खर्च टप्पा १ मधल्या ७ मध्ये मावतो का ते पुन्हा बघा.

खोटी उलटी गणती, 'फक्त ३ शिल्लक' आणि आयात केलेले अभिप्राय यांना हात लावू नका. बनावट अभिप्रायांवर अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून स्वतंत्र बंदी आहे. आणि दुसऱ्याच्या मालावरचे शेरे तुमच्या नमुन्याशी जुळतही नाहीत.

तपासा, दुकान खुलं करण्याआधी:

- खऱ्या कार्डाने, मोबाइलवरून, एक खरी ऑर्डर द्या. कर आणि पाठवणीचे आकडे शेवटच्या पानावर बरोबर आले का?
- ऑर्डर पक्की झाल्याची ई-मेल इनबॉक्सात आली की स्पॅममध्ये? डोमेनवर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या नोंदी लावा; ई-मेल खरोखर तुमच्याकडूनच आली हे त्यांवरून पडताळलं जातं. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून या पडताळणीबाबत कडक धोरण घेतलं आहे. पावती न मिळालेला ग्राहक घाबरलेला ग्राहक असतो.
- ती ऑर्डर पुरवठादाराकडे आपोआप गेली का? रंग आणि नग बरोबर गेले का?
- मग तीच रद्द करून स्वतःला रिफंड द्या. पैसे किती दिवसांत येतात ते टिपा, ग्राहक हेच विचारणार आहे.

## टप्पा ७: लहान चाचणी

पहिली जाहिरात नफ्यासाठी नसते, माहितीसाठी असते. एक वस्तू, एक देश, दोन-तीन वेगळे व्हिडिओ किंवा फोटो. विक्रीची नोंद जाहिरातीच्या खात्यात बरोबर होते की नाही हे चाचणी ऑर्डरवरून आधीच बघून ठेवा, नाहीतर आकडे निरर्थक येतात.

थांबायचा नियम सुरू करण्याआधी लिहून ठेवा. आपला आकडा ४२ होता. त्याच्या तिप्पट, म्हणजे साधारण १२५ खर्च होऊन एकही ऑर्डर आली नाही तर ती जाहिरात बंद. ऑर्डरी आल्या पण प्रत्येकी ४२ पेक्षा महाग पडल्या, तर किती दिवस तोटा सोसायचा तेही आधीच ठरवा. पैसे खर्च होत असताना माणूस स्वतःला फार सवलती देतो.

अपयश कुठे आहे ते पायरीपायरीने बघा. लोक जाहिरातीवर क्लिकच करत नसतील तर जाहिरात किंवा वस्तू चुकली. क्लिक होतात पण कार्टमध्ये काही जात नाही, तर किंमत किंवा पान चुकलं. कार्टपर्यंत येऊन निघून जात असतील तर शेवटच्या पानावर अचानक दिसणारा पाठवणीचा खर्च हे पहिलं संशयित. एका वेळी एकच गोष्ट बदला. थीम बदलणं हे या तिन्हींपैकी कशावरच औषध नाही, पण सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो.

सावध: पहिल्या वीस-पंचवीस ऑर्डरी ग्राहकांना पोचेपर्यंत जाहिरातीचं बजेट वाढवू नका. विक्री आज दिसते, तक्रारी दोन-तीन आठवड्यांनी येतात.

## टप्पा ८: रोजचं काम

रोज ठरलेल्या वेळी, याच क्रमाने:

1. संशयास्पद ऑर्डरी बाजूला काढा. बिलाचा पत्ता आणि पार्सलचा पत्ता वेगवेगळ्या देशांत, एकाच माणसाच्या नावाने तीन कार्डं, नेहमीपेक्षा फार मोठी ऑर्डर. अशी ऑर्डर पुरवठादाराकडे जाण्याआधी खात्री करा, नंतर काही करता येत नाही.
2. साठा आणि भाव बघा. दुकान पुरवठादाराशी जोडणारं ॲप ते आपोआप जुळवतं, पण त्याच्यावर डोळे मिटून राहू नका.
3. ऑर्डरी पुढे पाठवा, पत्ता आणि फोन नंबर नजरेखालून घालून. फोन नंबर नसेल तर काही देशांत कुरिअर पार्सल घेत नाही.
4. ट्रॅकिंग हलत नाही अशी पार्सलं शोधा. पाच दिवस एकही नवा स्कॅन नसेल तर पुरवठादाराला लिहा आणि ग्राहकाला त्याने विचारण्याआधी कळवा.
5. ई-मेलना उत्तरं द्या, एका दिवसाच्या आत.

सगळ्या ऑर्डरींची प्रत आठवड्यातून एकदा स्वतःच्या तक्त्यात उतरवून ठेवा. ॲप कायमचं नसतं. एके काळी या धंद्यातलं सर्वांत परिचित असलेलं ओबर्लो २०२२ मध्ये बंद झालं आणि विक्रेत्यांना दुसरीकडे हलावं लागलं.

## टप्पा ९: तक्रार, परतावा, चार्जबॅक

प्रत्येक तक्रारीवर नव्याने विचार करत बसलात तर दिवस जातो. आधीच ठरवा:

- तुटका किंवा चुकीचा माल: फोटो मागा, ग्राहकाला लगेच पैसे किंवा नवा माल द्या. पुरवठादाराकडून वसुली हा तुमचा वेगळा विषय. 'पुरवठादाराला विचारून सांगतो' हे वाक्य ग्राहकाला लिहू नका. त्याने खरेदी तुमच्याकडून केली आहे.
- उशीर: सांगितलेली मुदत संपली की थांबायचं की पैसे परत घ्यायचे, हे ग्राहकाला निवडू द्या.
- मन बदललं: कायद्याने हक्क असेल तर माल परत घ्यायचाच. स्वस्त वस्तू समुद्रापार परत पाठवण्यापेक्षा ती ग्राहकाकडेच राहू देऊन पैसे परत करणं कित्येकदा कमी खर्चाचं पडतं. असे निर्णय नोंदवून ठेवा. तोच ग्राहक दुसऱ्यांदा तसंच करत असेल तर दिसायला हवं.
- 'पोचलं' असं दिसतंय, ग्राहक 'मिळालं नाही' म्हणतो: कुरिअरकडून पोच मागा, ग्राहकाला शेजारी चौकशी करायला सांगा, दोन दिवसांनी निर्णय द्या.

चार्जबॅक म्हणजे ग्राहकाने तुम्हाला वगळून बँकेकडे मागितलेले पैसे. रक्कम जाते, वर दंडाचं शुल्क लागतं, आणि प्रमाण वाढलं तर खातंच जातं. कार्डावर साधारण १२० दिवसांपर्यंत आणि पेपलवर १८० दिवसांपर्यंत वाद उभा राहू शकतो. म्हणून प्रत्येक ऑर्डरची पावती, ट्रॅकिंग, ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार आणि त्या दिवशी पानावर असलेली मुदत, एवढं किमान सहा महिने जपा. उत्तर द्यायला मिळणारे दिवस मोजके असतात. तेव्हा शोधाशोध सुरू केली तर उशीर झालेला असतो.

तपासा, महिन्यातून एकदा: शंभर ऑर्डरींमागे किती परतावे आणि किती चार्जबॅक? ते वस्तूनुसार आणि पुरवठादारानुसार वेगळे मोजा. एकाच वस्तूवर तक्रारी साचत असतील तर तिची विक्री कितीही असो, ती काढा. आणि एखादी वस्तू तीन-चार महिने सलग, कमी तक्रारींनी विकली जात असेल तर तिचे शे-दोनशे नग घाऊक भावात घेऊन ग्राहकाच्या देशातल्या गोदामात ठेवायचा हिशेब मांडा: माल, गोदामाचं भाडं, तिथून पाठवणी आणि न खपलेल्या नगांचा तोटा. हा एका नगामागचा आकडा टप्पा १ मधल्या माल अधिक पाठवणीच्या खर्चाच्या (३२ अधिक १०; जाहिरातीच्या मर्यादेचा ४२ वेगळा) खाली आला तर त्या एका वस्तूपुरतं ड्रॉपशिपिंग थांबवा. बाकीच्या वस्तू आहेत तशाच चालू द्या.